वर्षभराच्या वाचनाचा ताळेबंद कसा मांडावा?

पानखूण (धागाकर्ता)

वर्ष सरत आलं की "यंदा किती पुस्तकं झाली?" हा प्रश्न निघतो आणि उत्तर म्हणून एक आकडा येतो. त्या आकड्यावरून पुढे काय वाचावं, कसं वाचावं याचा काही पत्ता लागत नाही. ४० पुस्तकांत ९० पानांची १५ असू शकतात, १२ पुस्तकांत ९०० पानांची ४ असू शकतात. तेव्हा मागे वळून बघताना नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसगत होते, ते इथे एकत्र करू या.

सगळ्यात आधी एक आग्रह. वही उघडण्यापूर्वी आठवा. कोरा कागद, २० मिनिटं, नोंदवही आणि ॲप दोन्ही बंद, कपाटाकडे पाठ. सुचतील तशी नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे पुस्तकातली एक गोष्ट लिहा: एखादा प्रसंग, एखादा युक्तिवाद, एखाद्या पात्राचं नाव. "छान होतं" हे चालणार नाही. पुस्तकाचं नाव आठवत नसेल तर "दीपगृहावरच्या माणसाचं" असंही चालेल. चूक वाटली तरी खोडू नका.

मग वही उघडा. तीन गट पडतील. आठवली आणि नोंदीतही आहेत, ती एका बाजूला. नोंदीत आहेत पण आठवली नाहीत, तो दुसरा गट. आठवली पण नोंदीत नाहीत, तो तिसरा. यात बहुधा दीर्घ लेख, सुट्या कथा, अर्धवट सोडलेली आणि पुन्हा वाचलेली पुस्तकं सापडतात. दुसऱ्या गटाला सर्वाधिक वेळ द्या. नाव वाचा आणि मिनिटभर थांबा. आतलं काही परत येऊ लागलं तर निसटलं होतं ते फक्त नाव. काहीच आलं नाही तर पुस्तकच गेलं, आणि मग कारण लिहायचं: तुकड्यातुकड्याने वाचलं, एकाच धाटणीची तीन सलग वाचली, घाईत उरकलं, की एका संध्याकाळपुरतंच होतं आणि त्याने आपलं काम केलं. हे शेवटचं कारण असेल तर त्यात गैर काही नाही.

हा क्रम का पाळायचा, तर यादी एकदा नजरेखालून गेली की आठवणं थांबतं आणि ओळखणं सुरू होतं. ओळखीची तर सगळीच वाटतात.

फसगतीची मोठी जागा म्हणजे शेवटचे दोन महिने. आठवणीच्या कागदावर ताजी पुस्तकं आधी येतात आणि जास्त ओळी खातात. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक नावापुढे १ ते ४ पैकी तिमाही टाका. निम्म्याहून जास्त नावं चौथ्या तिमाहीतली निघाली तर त्यांच्याबद्दलचा निकाल राखून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्यांचीच पुन्हा परीक्षा घ्या.

नोंदीत काय असावं? नाव, लेखक, अनुवादक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख, पानं, कुणी सुचवलं, का घेतलं, आणि संपलं त्या दिवशीची एक ओळ. "का घेतलं" हे सुरुवातीच्या दिवशीच लिहायचं. नंतर लिहिलं की पुस्तक आवडलं की नाही यावर कारण बदलतं आणि ते आपल्याला कळतही नाही.

नमुन्यादाखल एक नोंद जवळून बघा: "ऐतिहासिक कादंबरी, ४१२ पानं. सुरू ३ फेब्रुवारी, संपली ९ एप्रिल. वाचनाचे दिवस १७. पान १८० वर १९ दिवस थांबली." दोन तारखांमध्ये ६५ दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम ६ पानं. यावरून "पुस्तक जड होतं" असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा ठरेल. प्रत्यक्ष वाचलं त्या १७ दिवसांत रोज २४ पानं झाली आहेत. वाचन संथ नव्हतं, खंड पडले होते. खरा प्रश्न पान १८० वर काय झालं हा आहे. वाचनाचे दिवस टिपायला मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने एक रेघ पुरते. पुस्तक आपलं नसेल तर खुणेच्या पट्टीवर.

मलपृष्ठ

फार कामाचा धागा. पण वर्षभर नोंदच ठेवली नसेल त्यांनी काय करायचं? आठवणीचा कागद तर करावाच. त्यानंतर वर्ष पुन्हा जुळवता येतं. दोन-तीन तासांचं काम आहे.

ग्रंथालयाची देवघेव हा सर्वात भरवशाचा आधार. कार्डावर किंवा खात्यात नेल्याची आणि परत केल्याची तारीख मिळते. मात्र बऱ्याच ठिकाणी वाचकाच्या खाजगीपणासाठी परत केलेल्या पुस्तकांचा इतिहास साठवलाच जात नाही किंवा तो पर्याय मुद्दाम सुरू करावा लागतो. आजच बघून सुरू करा, निदान पुढचं वर्ष सापडेल.

मग खरेदीच्या ईमेल. इथे जपून: मागवल्याची तारीख म्हणजे वाचल्याची तारीख नव्हे. ई-वाचकातल्या फाइलवरची तारीखही पुष्कळदा उतरवून घेतल्याची असते; त्यापेक्षा अधोरेखितांवरच्या तारखा खऱ्या, कारण अधोरेखित वाचतानाच होतं. फोनमधले पानांचे फोटो तारखेसकट असतात. आणि गप्पांच्या ॲपमध्ये "पुस्तक", "वाचतोय", "वाचतेय", "कादंबरी" हे चार शब्द शोधा. कुणाला काय सुचवलं होतं ते तिथे अगदी ताज्या मतासकट मिळतं.

जुळवलेल्या नोंदीपुढे "अं." लिहा, म्हणजे अंदाजे. पुढच्या वर्षी तुलना करताना खरी तारीख कोणती आणि बसवलेली कोणती हे कळलं पाहिजे.

समास

पानांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी बेरीज तिथेच बिघडते.

एकच मजकूर क्राउन या लहान आकारात ३०० पानं भरतो आणि डेमी या मोठ्या आकारात २३०. टाइप मोठा असेल तर आणखी फरक. म्हणून पानांची बेरीज दोन वर्षांत तुलना करण्याइतकी पक्की नसते. अंदाजे शब्दसंख्या काढायची तर रीत सोपी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असं एकेक पूर्ण भरलेलं पान घ्या. प्रत्येकावरच्या ओळी मोजा. १० ओळींतले शब्द मोजून ओळीची सरासरी काढा. समजा ओळीत ९ शब्द आणि पानात ३० ओळी, तर पानाला २७०. २४० पानांचे ६४,८०० झाले. आता मोकळी जागा वजा करा. २० प्रकरणं असतील आणि प्रत्येकाच्या शेवटी सरासरी अर्धं, सुरुवातीला साधारण तृतीयांश पान कोरं असेल, तर सुमारे १७ पानं गेली. राहिले जवळपास ६०,०००. पाच मिनिटांचं काम, आणि दर पुस्तकाला एकदाच.

प्रस्तावनेची पानं मराठी पुस्तकांत पुष्कळदा "एक, दोन, तीन" अशी अक्षरी असतात आणि मुख्य मजकूर १ पासून सुरू होतो. चाळीस पानांची प्रस्तावना वाचली असेल तर ती धरा, नसेल वाचली तर धरू नका. परिशिष्टं आणि सूची यांनाही हाच नियम.

दुसरी गोष्ट वेगाची. मार्क ब्रिसबार्ट यांच्या २०१९ च्या आढाव्यात इंग्रजी मूक वाचनाचा सरासरी वेग ललितेतर गद्यासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्म गद्यासाठी २६० असा येतो. हे आकडे उचलून मराठीला लावू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. "घरासमोरच्या" हा एक शब्द इंग्रजीत तीन-चार होतात. त्यामुळे तोच आशय मराठीत कमी शब्दांत मावतो आणि मिनिटाचे शब्दही कमी दिसतात. यावरून "मी मराठी हळू वाचतो" असं ठरवणं म्हणजे फुटपट्टी चुकीची घेणं. आपला वेग आपणच मोजा: २० मिनिटं, कथा, वैचारिक आणि तांत्रिक अशा तीन प्रकारांत वेगवेगळा.

आणि सरासरीपेक्षा मध्यक काढा. ११ पुस्तकं २०० पानांच्या आसपासची आणि एक ११०० पानांचं असेल तर सरासरी २७५ येते, आणि तेवढ्या पानांचं पुस्तक यादीत एकही नसतं. पानसंख्या चढत्या क्रमाने लावा आणि मधली बघा.

अर्धविराम

समास, शब्दसंख्येची रीत उतरवून घेतली. एक प्रश्न: ऐकलेली पुस्तकं यात कुठे बसवायची? आणि कवितासंग्रह?

समास

ऐकलेल्या पुस्तकाची मूळ लांबी तासांत लिहा आणि वेग वेगळा. १० तासांचं पुस्तक १.२५ पटीने ऐकलं तर ८ तास लागतात, पण पुस्तक १० तासांचंच राहतं. त्याची पानं करायला जाऊ नका. स्वतंत्र स्तंभ ठेवा. एकच पुस्तक अर्धं ऐकलं आणि अर्धं वाचलं असेल तर नोंद एक, माध्यम "मिश्र".

ऐकताना आणखी एक टिपण्यासारखं आहे: त्या वेळी हात कशात होते. चालताना, भांडी घासताना, प्रवासात. आठवणीच्या कागदावर ऐकलेली पुस्तकं कोरी निघाली तर दोष ऐकण्याला देण्याआधी हा स्तंभ बघा. लक्ष लागणाऱ्या कामासोबत ऐकलेली आणि नुसतं चालताना ऐकलेली यांत फरक दिसतो का, ते तपासा.

कवितांबद्दल जाणत्यांनी सांगावं.

ओवीबद्ध

कवितासंग्रह "संपला" असं लिहिणंच बेताचं खरं असतं. संग्रहाऐवजी कविता हे एकक धरा. वहीचं एक पान संग्रहाला द्या, त्यावर ज्या कवितांकडे परत गेलात त्यांचे पृष्ठक्रमांक आणि प्रत्येक वेळेची तारीख. वर्षअखेरी एकाच कवितेपुढे चार तारखा दिसल्या तर त्या वर्षाबद्दल याहून बोलकी नोंद दुसरी नसेल. त्यातली एखादी तोंडपाठ झाली असेल तर तिला गोल करा. आठवणीच्या कागदावर कविता आठवली तर ओळ लिहून काढा आणि मग मुळाशी ताडून बघा. जिथे आपण शब्द बदललेला असतो तिथे अर्थही आपल्या बाजूला थोडा सरकलेला असतो. ती जागा पुन्हा वाचण्याजोगी.

कथासंग्रहालाही हेच लागू. १४ पैकी ९ कथा वाचल्या असतील तर ९/१४ लिहा. त्याला "अपूर्ण" म्हणून वगळू नका.

तळटीप

ज्यांची नोंद गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये आहे त्यांच्यासाठी देवनागरीतल्या खाचाखोचा सांगतो. वर्षअखेरी "या लेखकाची किती वाचली?" विचारलं की आकडा कमी येतो आणि कारण सापडत नाही. कारण बहुधा खालच्यांपैकी एक असतं.

पहिलं, "ॲ". हे अक्षर दोन प्रकारे टंकलं जातं. एका प्रकारात ते एकच युनिकोड चिन्ह असतं, दुसऱ्यात "अ" आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी. फोनचा कळफलक एक देतो, संगणकाचा दुसरा, आणि एकाच लेखिकेच्या दोन लेखिका होतात. तपासायला लेन (LEN) हे लांबी मोजणारं सूत्र लावा: नुसत्या त्या अक्षराची लांबी एकदा १ येते, एकदा २. एक रूप ठरवा आणि शोधा-बदला वापरून सगळीकडे तेच करा.

दुसरं, "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला अर्धा र. तो "ऱ" वापरून लिहिता येतो किंवा "र", हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असाही येतो. शोधाला त्यांतलं एकच रूप सापडतं. पुस्तकाच्या नावात असा शब्द असेल तर ते हमखास हरवतं.

तिसरं, आद्याक्षरं. टिंबानंतर जागा, टिंबाविना, पूर्ण नाव: एका लेखकाची चार रूपं होतात. लेखकांची वेगळी यादी करून स्तंभाला तिथून निवड लावा, म्हणजे दरवेळी टंकायला नको. शेवटी चिकटलेली रिकामी जागा ट्रिम (TRIM) या सूत्राने जाते.

चौथं, अंक. देवनागरी अंक अनेकदा मजकूर म्हणून धरले जातात. पानांच्या स्तंभाची बेरीज ० आली तर तेच झालं आहे. चौकटीत आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो मजकूर, उजवीकडे असेल तर संख्या. गणिताच्या स्तंभात इंग्रजी अंकच (1, 2, 3) ठेवा.

पाचवं आणि सगळ्यात घातक म्हणजे तारीख. शीटचं लोकेल, म्हणजे देशाची निवड, अमेरिकेचं असेल तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च होतो आणि १५/०४ तारीख न होता मजकूर राहतो. १२ पर्यंतचे दिवस चुपचाप उलटतात, त्यापुढचे गणतीतून गळतात, आणि तिमाहीचा सगळा हिशेब कोसळतो. सेटिंग्जमधलं लोकेल आधी बदला, किंवा तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा.

वर्षअखेरी प्रत काढून ठेवताना सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, केलीत आणि एक्सेलने उघडताच देवनागरीच्या जागी चित्रविचित्र लॅटिन अक्षरं दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. थेट दुहेरी क्लिक न करता डेटा या टॅबमधून ती आत घ्या आणि ६५००१, यूटीएफ-८ निवडा. त्या अवस्थेत सेव्ह मात्र करू नका, नाहीतर ती अक्षरं कायमची होतात.

पानखूण (धागाकर्ता)

तळटीप, तारखेचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात भर: "वर्ष" कुठलं धरायचं ते आधी ठरवा. संपलं त्या वर्षात पुस्तक धरणं सोपं पडतं. पण नोव्हेंबरात सुरू झालेलं जाडजूड पुस्तक फेब्रुवारीत संपलं तर मूळ वर्ष रिकामं दिसतं. अशा पुस्तकाची ३१ डिसेंबरला जिथे असाल ती पानसंख्या टिपून ठेवा. पानं त्या त्या वर्षात विभागली जातील, नाव मात्र एकदाच येईल.

उलटंपान

सोडलेल्या पुस्तकांकडे धाग्यात अजून कुणी वळलं नाही, आणि माझ्या मते शिकायला मिळतं ते तिथेच. संपवलेल्या पुस्तकांनी आपली आवड कळते, पण आपली निवड कुठे चुकते ते फक्त सोडलेली सांगतात.

सोडताना तीन गोष्टी लिहा: पान, तारीख, कारण. कारणात "कंटाळा" हा शब्द बंद करा, कारण तो सगळ्याला पुरतो आणि काहीच सांगत नाही. त्याऐवजी अक्षरं ठरवा. "वे" म्हणजे वेळ चुकली, पुस्तक ठीक. "वि" म्हणजे विषय वाटला तो नव्हता. "भा" म्हणजे भाषा किंवा अनुवाद अडखळतो. "छ" म्हणजे छपाई, बारीक टाइप, फिकी शाई, घट्ट बांधणी. "फु" म्हणजे फुगवलेलं, मूळ मुद्दा पहिल्या ५० पानांतच संपला. "मो" म्हणजे मोड आला, खंड पडला आणि सूत्र तुटलं.

वर्षअखेरी सोडल्याचं पान एकूण पानांच्या किती टक्क्यांवर येतं ते काढा. बहुतेक १० टक्क्यांच्या आत असतील तर पुस्तक हातात घेण्याआधी पुरेसं चाळलं जात नाही. उपाय: अनुक्रमणिका, पहिली ५ पानं आणि मधलं कुठलंही एक पान वाचूनच नोंद सुरू करायची. मधलं पान जरुरीचं आहे, कारण सुरुवात प्रत्येकजण घासूनपुसून लिहितो. ६० ते ७० टक्क्यांवर सोडलेली जास्त असतील आणि कारण "मो" असेल तर एका वेळी उघडी पुस्तकं फार आहेत. एक भारी, एक हलकं आणि एक कवितेचं किंवा लेखांचं, एवढी तीन बहुतेकांना झेपतात. पुष्कळ पात्रांच्या कादंबरीला तीन आठवड्यांचा खंड पडला की ती जवळजवळ पहिल्यापासून सुरू करावी लागते. खंड पडणार हे दिसताच पाच ओळींची चिठ्ठी आत ठेवा: कोण कुठे आहे, कोणाला काय ठाऊक आहे, कुठला प्रश्न लोंबकळतोय.

"छ" चे तीन-चार निघाले तर तीच पुस्तकं दुसऱ्या आवृत्तीत किंवा पडद्यावर टाइप मोठा करून मिळतात का बघा. ती पुस्तकं तुम्ही नाकारलेलीच नाहीत.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. सोडलेल्या पुस्तकांची नीट नोंद म्हणजे ते सूत्र स्वतःपुरतं पाळणं.

निळी शाई

+१. पण गुण देण्याबद्दलही बोलायला हवं. पाचपैकी गुण देण्याची पद्धत वर्षभरात घसरत जाते. जानेवारीतले ४ आणि ऑक्टोबरातले ४ सारखे नसतात, कारण मधल्या काळात तुलनेला आणखी पुस्तकं आलेली असतात. शिवाय सगळं ३ आणि ४ मध्ये साचतं.

दोन उपाय आहेत. एक, गुण दोनदा द्या: संपल्या दिवशी आणि तीन महिन्यांनी, पहिले झाकून. दोन्हींतला फरक हीच खरी नोंद. ४.५ वरून ३ वर आलेल्या पुस्तकाच्या शेवटाने त्या दिवशी बहुधा आपण भारावलेलो असतो. ३ वरून ४.५ वर गेलेलं मनात मुरलेलं असतं. पुन्हा वाचायचं ते दुसरं.

दोन, गुण सोडून क्रम लावा. ३१ पुस्तकांचा क्रम लागलेला असेल तर ३२ वं कुठे बसतं ते जास्तीत जास्त ५ प्रश्नांत ठरतं. मधल्या, म्हणजे १६ व्या पुस्तकाशी तुलना करा. वर गेलं तर ८ व्याशी, खाली गेलं तर २४ व्याशी, असं अर्धं अर्धं करत. प्रश्न एकच: "यांतलं एकच पुन्हा वाचायला मिळालं तर कुठलं?" "चांगलं कुठलं?" असं विचारू नका, मग प्रतिष्ठेचं पुस्तक जिंकतं. ललित आणि ललितेतर यांचा क्रम मात्र वेगवेगळा लावा.

मलपृष्ठ

क्रमाची कल्पना पटली, पण एक सावधगिरी. शब्दकोश, चरित्रकोश, संदर्भग्रंथ यांना त्यात ओढू नका. ती वाचायची नसतात, वापरायची असतात. त्यांच्यासाठी वर्षात किती वेळा उघडलं एवढीच खूण ठेवा.

दीर्घ_ई

पानखूण यांच्या आठवणीच्या कागदाला दुजोरा देतो आणि एक गैरसमजही दूर करतो. "माणूस २४ तासांत ७० टक्के विसरतो" हे वाक्य अशा चर्चांत येतंच. त्याचं मूळ हर्मान एबिंगहाऊस यांच्या १८८५ च्या प्रयोगांत आहे. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठांतराला घेतली होती निरर्थक अक्षरं. मोजलं होतं ते पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात हे: २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४, ३१ दिवसांनी २१. अर्थ असलेल्या, कथेने किंवा युक्तिवादाने बांधलेल्या मजकुराला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तेव्हा कादंबरी आठवली नाही म्हणून या वक्ररेषेला दोष देऊ नका.

कामाचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांनी गद्य उतारे वाचले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे आठवणीचा कागद नुसती परीक्षा नाही, त्याने पुस्तक पक्कंही होतं. मग वर्षातून एकदाच का? प्रत्येक पुस्तक संपल्यावर दुसऱ्या दिवशी १० मिनिटं आणि महिन्याने ५ मिनिटं, पुस्तक न उघडता. त्यानंतरच उघडून चुका बघायच्या. चुका न बघता सोडलं तर चुकीचंच पक्कं होण्याचा धोका असतो.

दप्तरी

टिपणवहीची सूची कशी करायची यावर कुणी लिहील म्हणून थांबलो होतो. पुस्तकाऐवजी विषयाने वर्ष बघायचं तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

जॉन लॉक या तत्त्वज्ञाने टिपणवहीसाठी एक सूची योजली होती. इंग्रजीत ती १७०६ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षक-शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यापुढचा पहिला स्वर, या जोडीने घर ठरतं. देवनागरीला ही पद्धत अंगच्या कपड्यासारखी बसते, कारण आपली बाराखडी म्हणजे हेच कोष्टक.

वहीची पहिली दोन समोरासमोरची पानं घ्या. आडव्या ओळी ३२: एक ओळ स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांची, मग क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व, श स ह (ष हा श मध्येच), आणि शेवटी क्ष, ज्ञ. एका पानावर १६ ओळी येतात. उभे रकाने ५: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. झाली १६० घरं.

आता "विस्मरण" या विषयावर काही उतरवायचं आहे. व ची ओळ, इ-ई चा रकाना. घर रिकामं असेल तर वहीतलं पुढचं कोरं पान, समजा २३, घ्या, शीर्षक लिहा आणि घरात २३ टाका. पुढे "विनोद" आला तर घर तेच, पान तेच. पान भरलं की तळाला "पुढे ४६" आणि घरात २३ शेजारी ४६. जोडाक्षराचं पहिलं व्यंजन आणि पूर्ण अक्षराची मात्रा धरा: "प्रवास" प च्या अ-आ त, "स्त्री" स च्या इ-ई त. ऋ चा उच्चार आपण रु करतो, म्हणून "मृत्यू" म च्या उ-ऊ त. कुठलाही नियम चालेल, पण तो वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

बिघडतं कुठे? "जीवन", "समाज", "माणूस" अशी ऐसपैस शीर्षकं घेतली की ती घरं भरतात आणि त्यांत काही सापडत नाही. "उधारी", "शेजार", "पत्रलेखन" अशी हाताला लागणारी नामं घ्या. दुसरं, समानार्थी शब्द. एकदा "म्हातारपण", एकदा "वार्धक्य". एक निवडा, आणि दुसऱ्या शब्दाच्या पानावर फक्त "पाहा: वार्धक्य". आणि प्रत्येक उताऱ्याखाली पुस्तक आणि पान लिहा. आवृत्ती आणि सालही, नाहीतर दुसऱ्या प्रतीत पान जुळत नाही.

वर्षअखेरी कोष्टक बघा. ज्या घरात पाच पृष्ठक्रमांक जमले, तो तुमच्या वर्षाचा विषय, मग ते उतारे एका कादंबरीतून आले असोत की सात वेगवेगळ्या पुस्तकांतून.

अर्धविराम

दप्तरी, आजच वही आखते. डिजिटल टिपणांना हे लागतं का? तिथे शोध असतोच ना.

दप्तरी

शोध शब्द शोधतो, विषय नाही. उताऱ्यात "वार्धक्य" हा शब्दच नसेल, नुसते थरथरणारे हात असतील, तर शोधाला तो सापडणार नाही. शीर्षक आपणच द्यावं लागतं. आणि वर तळटीप यांनी सांगितलेली दोन रूपांची अडचण तिथेही आहेच.

तळटीप

बरोबर. अजून एक स्तंभ सुचवतो, अनुवाद वाचणाऱ्यांसाठी: मूळ भाषा आणि "कोणत्या भाषेवरून". रशियन कादंबरी मराठीत इंग्रजीवरून आलेली असू शकते. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला ते पुष्कळदा दिलेलं असतं. वर्षअखेरी "आठ भाषांतलं वाचलं" असं वाटतं आणि हा स्तंभ दाखवतो की त्यांतल्या सहा इंग्रजीच्या गाळणीतून आल्या. उलटंपान यांच्या "भा" खुणेशी तो ताडून बघा. अडखळणं मध्यस्थ भाषेमुळे की एकाच अनुवादकामुळे, ते तिथे कळतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही टिपा. नुसत्या पुनर्मुद्रणात तो बदलत नाही, नवीन आवृत्तीत बदलतो, त्यामुळे दप्तरींच्या पानजुळणीचा प्रश्न सुटतो. १३ अंक बरोबर उतरवले की नाही ते तपासायला अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर एखादा अंक चुकलाय.

ओवीबद्ध

वाचायच्या यादीचाही ताळेबंद मांडा. वर्षात यादीत किती नावं चढली आणि किती उतरली? महिन्याला ५ चढत असतील आणि २ उतरत असतील तर वर्षाला ३६ ची भर पडते, आणि अशी यादी कधीच संपत नाही. जुन्या नावांपुढे "कुणी सुचवलं, का" हे लिहिलेलं नसेल आणि पुस्तकाबद्दल एक वाक्यही सांगता येत नसेल तर ते नाव काढा. खरंच हवं असेल तर ते पुन्हा समोर येईल.

पानखूण (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. उलटंपान यांची अक्षरं आणि "माध्यम", "कोणत्या भाषेवरून" हे स्तंभ माझ्या नोंदीच्या नमुन्यात घातले. दीर्घ_ई, महिन्याने ५ मिनिटांची उजळणीही घातली. तिच्यासाठी संपल्याच्या तारखेत ३० मिळवून "पुन्हा आठवा" हा स्तंभ केला, तारीख उलटली की घर पिवळं होतं. पिवळी घरं दहाच्या वर साचली तर जुनी सोडून द्या आणि ताज्या तीनच घ्या.

अर्धविराम

पुन्हा वाचलेल्या पुस्तकाची नवी नोंद करायची की जुनीच वाढवायची?

पानखूण (धागाकर्ता)

नवी. आणि ती लिहून होईपर्यंत जुनी उघडू नका.